बिनहादऱ्याची खोली

१९ नोव्हेंबर, रविवार

लागलं एकदाचं सामान. मोहोळहून टेम्पो सकाळी आठला निघाला आणि दहाच्या आत भद्रावती पेठेत दारासमोर उभा राहिला. पूनम पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे गाद्यांमध्ये, मांडीवर रेकॉर्ड प्लेअर घेऊन. बायकोला सहावा महिना लागलाय आणि नवरा खड्ड्यांतून जपतोय कुणाला तर प्लेअरला, असं तिने उतरल्या उतरल्या ऐकवलं. मग हमालांना ऐकवलं, मग शेजारणीला. पूनमचं तोंड मिटलेलं मी फक्त ती झोपल्यावर पाहिलंय. उद्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं. शाळेतल्या चार कपाटांतून सुटलो, आता अख्खी प्रयोगशाळा माझ्या हाताखाली.

घर तळमजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी. पुढची खोली माझ्या गाण्यांसाठी, हे लग्न ठरतानाच कबूल करून घेतलेलं आहे. भिंतीपलीकडे नरसम्मांचं घर आणि त्यांचे दोन यंत्रमाग. टॉवेल विणतात. बाई चहा घेऊन आल्या. तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, माग चालू झाले की भांडी वाजतात, आठ दिवसांत सवय होईल. पूनमला त्या आवडल्या. मलाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सवय माणसाला होईल, सुईला कशी व्हायची? संध्याकाळी सारंगीची रेकॉर्ड लावली. माग चालू होते. सारंगी चिखलातून चालल्यासारखी वाजली. आवाज वाढवला तर स्पीकरची कापडं लपालपा हलायला लागली. प्लेअरशेजारी पाण्याचा पेला ठेवून पाहिलं, पाण्यावर बारीक वर्तुळं. मागाचा ठोका भिंतीतून फरशीत, फरशीतून टेबलात आणि टेबलातून सुईत. सुईला बिचारीला काय कळतं, थरथर सारंगीची की मागाची! ती दोन्ही उचलते, आणि अॅम्प्लिफायर दोन्ही मोठी करून देतो.

पूनम खोलीतून चालत गेली तर सुई उडून तीन चक्रं पुढे. आम्ही दोघे आता वजनदार झालोय, म्हणाली.

२६ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस खपून लोखंडी अँगलचा रॅक केला. दोन मजली. वर प्लेअर, खाली अॅम्प्लिफायर, फळ्या जाड प्लायच्या. आधी पायांना खाली टोकदार खिळे लावले. सारंगी जरा मोकळी झाली, पण मागाचा ठोका आणखी टोकदार आला. रॅकची थरथर खिळ्यांनी फरशीत जायची, तशी फरशीचीही वर येतच होती. मग खिळे काढून रबरी चेंडू अर्धे कापून घातले. ठोका कमी झाला, पण खर्जाला बूड राहिलं नाही, सगळं पाण्यावर तरंगल्यासारखं. प्लेअरखाली वाळूचा ट्रे ठेवून पाहिला, त्याने सूर स्वच्छ झाला. एक गोष्ट पक्की कळली. रॅकखाली काहीतरी प्रचंड जड पाहिजे. इतकं जड, की हादऱ्याला ते हलवताच येऊ नये.

पूनम दिवसभर चवड्यांवर चालत होती. आधी थट्टेने, मग खरोखर माझ्यासाठी.

३ डिसेंबर, रविवार

होटगी रस्त्याला ईरप्पांची भंगाराची वखार आहे. साठीचा माणूस, अक्कलकोटकडचा, बोलताना मध्येच कानडीत शिरतो. मला हवा होता एखादा जड लोखंडी पाट. त्यांनी आत नेलं आणि पत्र्याखालची एक काळी फरशी दाखवली. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, वीतभर जाड. बंद पडलेल्या एका गिरणीतल्या मोठ्या इंजिनाखालची म्हणे. ईरप्पा म्हणाले, "तीन पिढ्या इंजिनाचा दणका प्यालाय ह्यो दगड. एवढं इंजिन चालू असताना वर चहाचा कप ठिवला तर चहा हालत नव्हता. आजा सांगायचा माजा."

फरशीवर एक तांबडं कुत्रं पसरलं होतं. आम्ही जवळ गेलो तरी भुंकलं नाही, नुसतं मान वर करून पाहिलं. मी फरशीवर बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. टक् झालं नाही. गादीवर बोट मारल्यासारखं.

घेतली. हातगाडीवरून चार हमालांनी आणली. त्यातला एक दारात म्हणाला, जड हाय पन ठिवताना धप् झालं न्हाई. माझ्या मनात फक्त सारंगी.

५ डिसेंबर, मंगळवार

काय लिहू! रॅक फरशीच्या एका टोकावर उभा केला, पेला ठेवला, पलीकडे दोन्ही माग चालू. पाणी आरशासारखं. रेकॉर्ड लावली आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं की सारंगीवाला सूर घेण्याआधी श्वास घेतो. गज उलटा फिरतो त्या क्षणीची बारीक खरखर ऐकू आली. खर्ज घट्ट, आणि मधे मधे अशी शांतता की तिला खोली होती. मी पूनमला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. बसायला खुर्ची नव्हती. फरशीचं दुसरं टोक मोकळं होतं. मीच तिला म्हणालो, इथे बस, गार आहे.

ती बसली. पोटावर हात ठेवून डोळे मिटून शेवटपर्यंत बसली. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, गाण्याने जिंकलं.

१० डिसेंबर, रविवार

पूनमला ती जागाच लागली आहे. मागांच्या खडखडीने तिचं डोकं दुखायचं, फरशीवर बसलं की सगळं शांत होतं म्हणते. दुपारी मी कॉलेजात असताना तिथेच पाठीशी उशी लावून बसून राहते. बाळही निवांत असतं, फार लाथा मारत नाही.

नरसम्मा शेंगाची चटणी द्यायला आल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. दोन्ही कानांत बोटं घालून हलवली. म्हणाल्या, तुमच्या घरात आलं की कानात कापूस कोंबल्यासारखं होतं. मी मोठ्या अभिमानाने रॅक दाखवला. त्या जास्त वेळ थांबल्या नाहीत.

१५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी दाढी करताना आरशात पूनम अचानक मागे दिसली आणि ब्लेड लागलं. ती आली ते कळलंच नाही. पैंजण आहेत पायात. तिला पुन्हा चालायला लावलं. घुंगरं हलत होती. आवाज नव्हता. ती हसली, आता तुमची सुई उडणार न्हाई, म्हणाली. तेही मला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा विचारावं लागलं.

नंतर तिच्या हातून पातेलं पडलं. दूध सगळीकडे पसरलं. पातेलं जमिनीवर गोल फिरत फिरत थांबलं. मुकं.

कान माझेच गेले असतील असं धरून चाललोय.

१८ डिसेंबर, सोमवार

कान ठीक आहेत. प्रयोगशाळेत नादकाटे, ते ट्यूनिंग फोर्क, मांडत होतो. पहिला रबरी ठोकळ्यावर मारला, वाजला नाही. दुसरा मारला. तिसरा. पेटीतले आठही. शेजारच्या टेबलावरच्या शिंदे मॅडमनी तोच काटा माझ्या हातातून घेतला, मारला, खणखणीत वाजला. माझ्या हातात परत दिला तसा वाजता वाजता विझला. मॅडम म्हणाल्या, सर, दांडी घट्ट धरताय तुम्ही. मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, काय म्हणालात?

मी रोज दोन तास त्या फरशीपाशी बसतो. पूनम दिवसभर.

२२ डिसेंबर, शुक्रवार

पूनमचा आवाज आता फक्त कानाशी तोंड आणलं तर येतो, तोही नुसती हवा. तिला वाटतंय घसा बसलाय. हळदीचं दूध पितेय. आज मान खाली घालून म्हणाली, चार दिवस झाले बाळ हललं न्हाई.

रॅक फरशीवरून उचलून भिंतीला लावला. पूनमला आतल्या खोलीत नेलं. फरशीवर पोतं टाकलं.

२३ डिसेंबर, शनिवार

डॉक्टर बाई चांगल्या आहेत. आधी ठोके ऐकायचं यंत्र पोटावर फिरवलं, नुसती शांतता. त्यांचा चेहरा उतरला. सोनोग्राफीला नेलं. पडदा काळा. ठिपकाही नाही. यंत्र बिघडलं म्हणून बाहेरच्या एका बाईला आत घेतलं, तिचं बाळ पडद्यावर स्वच्छ, बोट चोखत होतं. पुन्हा पूनम, पुन्हा काळं. दुसरीकडे पाठवलं, तिथेही काळं. रक्तदाबाच्या यंत्रावर नुसत्या आडव्या रेषा.

सोनोग्राफी म्हणजे शेवटी आवाजच. आत पाठवायचा आणि परत येतो तो बघायचा. पूनमच्या अंगातून काहीच परत येत नाही. मी हे डॉक्टरांना समजावत होतो. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग कंपाउंडरला म्हणाल्या, यांना पाणी दे.

बाळ आहे की नाही हे सांगणारं यंत्र या शहरात नाही. आठवड्याने या, म्हणाल्या.

२४ डिसेंबर, रविवार

घण आणला. मागच्या गल्लीतल्या गवंड्याचा. डोक्यावरून उचलून फरशीवर घातला. आवाज नाही. दगडावर घाव बसला की दांडा हाताला झणका देतो, खांद्यापर्यंत मुंग्या येतात. काही आलं नाही. घण उशीवर ठेवल्यासारखा टेकला. पन्नास तरी घाव घातले असतील. टवका नाही, ओरखडाही नाही. पूनम दारातून बघत होती. ओरडत होती बहुतेक. तोंड उघडं होतं.

२६ डिसेंबर, मंगळवार

फरशी ईरप्पांकडे परत टाकून आलो. हमालांना आत येऊ दिलं, पण हात लागेल तितका कमी लावा म्हणून सांगितलं. ते त्यांना लिहून दाखवावं लागलं.

मी वहीत लिहिलं, आमचं गेलेलं परत कसं येईल? ईरप्पांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सर, तुमाला हादरा नको हुता न्हवं? गेला की. ह्यो दगड घेतलेलं परत देत न्हाई." मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी सोडवून घेतली नाही. त्यांनी शीळ घालून तांबड्या कुत्र्याला बोलावलं आणि माझा हात धरून त्याच्या बरगड्यांवर ठेवला. ऊब होती. खाली काही धडधडत नव्हतं. म्हणाले, दोन वर्सं झाली, भाकरी खातंय, शेपूट हालवतंय. मला वाटलं जनावराचं जनावरापुरतं. मानसाला हुईल आसं वाटलं न्हवतं, देवाशपत.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या काय उपयोगाचं?

३० डिसेंबर, शनिवार

सासूबाई आल्या सांगोल्याहून. बजाबाईंनी आयुष्यभर मेंढरं राखलीत, शेकडो मेंढ्या विताना सोडवल्यात. पोरगी गळ्यात पडली पण बोलली नाही म्हटल्यावर आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. मी सगळं लिहिलं, पण त्यांना वाचता येत नाही. नरसम्मांनी वाचून दाखवलं. निम्म्यावर नरसम्मांचा आवाज कापायला लागला.

बजाबाईंनी लेकीला आडवं केलं, पोटावर कान लावला. बराच वेळ. मग छातीवर. मग ताडकन उठून मोरीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "जावईबापू, तिला ह्ये सांगू नगा. ती जेवती, चालती, अंग ऊन हाय. बास."

मग त्यांनी काळा दोरा घेऊन पोट मोजलं आणि दोऱ्याला गाठ मारली.

४ जानेवारी, गुरुवार

दोऱ्यावर नवी गाठ जुनीच्या बोटभर पुढे पडली. पोट वाढतंय. बाळ वाढतंय! बजाबाई म्हणाल्या, मेलेलं वाढत न्हाई. आम्ही तिघांनी भाकरी आणि दही खाल्लं, पोटभर, कितीतरी दिवसांनी.

पूनम या वहीत लिहिते आता. तिचं अक्षर:

मला माहीत आहे आईला काय ऐकू आलं नाही ते. मी माझी नाडी रोज बघते. तुम्ही रडू नका. रडताना तुम्ही फार वाईट दिसता आणि आवाज नसला की जास्तच. बाळाचं नाव मी ठरवलंय, आत्ता सांगणार नाही.

९ जानेवारी, मंगळवार

माझा आवाज आज पूर्ण गेला. वर्गात तोंड उघडलं, मुलं हसली, मग हसायची थांबली. रजा टाकली.

पंधरा दिवस झाले, फरशी घरात नाही. काही परत आलेलं नाही. नरसम्मांचे माग चालू आहेत ते फक्त खिडकीतून दिसतं. धोटा इकडून तिकडे. लोकांचं बोलणंही आता ओठांवरूनच ओळखतो. त्यांनी बजाबाईंना त्यांच्याकडे झोपायला नेलं. बरं केलं. निदान त्यांचं बोलणं शाबूत राहील.

१४ जानेवारी, रविवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. रस्त्यावरून ढोलांचं पथक गेलं. पोरांनी कान झाकले होते. मी ढोलापासून हातभर अंतरावर उभा राहिलो. काठी पडताना दिसत होती. छातीत काही नाही.

पूनमला कमरेत कळ. आठवाच आहे. बजाबाई म्हणतात खोटी असेल.

१६ जानेवारी, मंगळवार

खोटी नव्हती. रिक्षा. दवाखाना. डॉक्टर बाई नाहीत, दुसरे आहेत. फाईल वाचून माझ्याकडे बघतायत. मला त्यांना सांगता येत नाही. बजाबाई बोलतायत, त्यांना गावंढळ समजून गप्प केलं. चूक डॉक्टरांची नाही. फाईलमध्ये लिहिलंय ठोके नाहीत. कुणीही तेच समजेल.

पूनम आत. दार बंद. ती ओरडत असेल तर —

१६ जाने. दुपार

झालं. मुलगी. बजाबाई आत पूनमपाशी, पूनम शुद्धीवर नाही पण अंग ऊन आहे. डॉक्टर बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. म्हणाले, आधीच गेलेलं होतं, आईला वाचवलं. स्टेथोस्कोप लावला होता. त्यांना काय ऐकू येणार? रडलीच नाही म्हणे. रडली असेल. तोंड उघडं होतं का हे कुणी पाहिलं —

सिस्टरनी ट्रे बाकावर ठेवलाय. कागद भरतायत. हिरवं कापड. मी बाजूला बसून लिहितोय. हात लावू देत नाहीत. लावला तर बाप वेडा झाला म्हणून शिपायाने दंड धरला. मी ओरडलो. कोणी वळलं नाही.

कापड पाहतोय. हलत नाही. हलणारच नाही. हलणं म्हणजेच तर हादरा —

पण

सिस्टर, हे वाचा. मला वाचा नाही. मी वेडा नाही. माझ्या बायकोच्या छातीतही ठोका सापडत नाही आणि ती काल जेवली, चालली, तिने या वहीत लिहिलंय, मागचं पान बघा. हे बाळ तसंच आहे. कापडात गुंडाळलंत तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती, मी पाहिली. आता कापडाबाहेर बघा. पाच बोटं उघडी आहेत. मी हात लावलेला नाही, शिपायाला विचारा. कापड तोंडावरून काढा. फक्त तोंडावरून. सिस्टर, वर बघा, मी वही धरलीय तुमच्यासमोर, ट्रे उचलू नका, एकदा वाचा, त्या दारातून नेऊ न —